दाखवण्यापुरती साखळी

ज्या गावात माझा जन्म झाला, त्या गावात बर्फ फक्त थर्मासमध्ये असतो. सकाळी दुकानातून पिशवीभर तुकडे आणायचे, थर्मासमधल्या पाण्यात टाकायचे, आणि ते गार पाणी हिरव्या पाल्यावर थोडे थोडे ओतून नळीने ओढत दुपार घालवायची. पाराग्वे नदीकाठच्या आमच्या विया आयेस गावात या पेयाला तेरेरे म्हणतात, आणि ते प्यायल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही. पण आकाशातून पडणारा बर्फ? तो तिथे कुणाच्या आजोबांनीही पाहिलेला नाही.

मित्रांनो, मी मालट्रकची जुनी चाकसाखळी आहे. रस्त्यावर बर्फ साचला की चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी घसरते. तसे होऊ नये म्हणून चाकावर लोखंडाची जाळी चढवतात, ती मी. खरे तर आम्ही दोन जाळ्या आहोत, मागच्या दोन चाकांसाठी दोन. पण एकाच दिवशी, एकाच भट्टीत आमचा जन्म झाला आणि सारे आयुष्य एकाच पोत्यात गेले, म्हणून मी स्वतःला एकच समजते.

उन्हाने तापलेल्या त्या गावात बर्फाच्या साखळीचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. तेओदोसियो लोहारालाही तसेच वाटले होते. तो फाटकांच्या बिजागऱ्या, बैलांच्या साखळ्या आणि गुरांना डाग द्यायचे छाप बनवायचा. एके दिवशी एलादियो नावाचा ट्रकचालक त्याच्या दारात आला. एलादियो चांगला धिप्पाड होता, सदऱ्याची वरची दोन बटणे त्याला कधी लागत नसत. बरोबर त्याची धाकटी बहीण ब्लासिदा आणि तिचा नवरा कास्तोरिनो होते.

"काका, एक साखळी पाहिजे," एलादियो म्हणाला.

"बैलाला की फाटकाला?"

"चाकाला."

तेओदोसियोने हातोडा खाली ठेवला. "का? पळून जातंय का तुझं चाक?"

मग एलादियोने सगळे सांगितले. त्याला आणि कास्तोरिनोला मांस भरलेले ट्रक घेऊन आर्जेन्टिना ओलांडून चिलीला जायचे काम मिळाले होते. वाटेत आन्देसचे डोंगर होते, आणि त्या डोंगरावर जायचे तर एक नियम पाळावा लागत होता. नियमाचा कागद ब्लासिदाच्या हातात होता. ती बसथांब्यावर चिपा विकायची. चिपा म्हणजे चीज घालून भाजलेली गोल भाकरी. तिघांत वाचायची गोडी तिलाच होती. तिने वाचले, "थंडीच्या महिन्यांत डोंगरमार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक मालवाहू वाहनाने चाकसाखळ्यांची जोडी सोबत बाळगणे बंधनकारक आहे. चालकास ती बसवता आली पाहिजे."

"बाळगणे," एलादियो म्हणाला. "ऐकलंत ना काका? नुसती बाळगायची आहे. तपासणीवाल्याला दिसली की झालं."

"पुढचंही ऐक की, दादा."

"पुढचं कुणी वाचत नसतं गं."

तेओदोसियोने ट्रकच्या चाकाला दोरी गुंडाळून माप घेतले. मग त्याने विचारले, "मला एक सांगा. हा बर्फ असतो कसा?"

"लांबून पाहिलाय मी, शिखरावर," एलादियो म्हणाला. "मिठासारखा दिसतो."

"मीठ नाही, कापूस," कास्तोरिनो म्हणाला.

"पुस्तकात पिसासारखा लिहिलंय," ब्लासिदा म्हणाली.

म्हातारा विचारात पडला. मीठ, कापूस, पीस. यातल्या कशावरून एवढे मोठे चाक घसरत असेल, ते त्याला उमगेना. शेवटी त्याला जे येत होते तेच त्याने केले. माझ्या कड्या त्याने बैलाच्या साखळीसारख्या जाड केल्या. माझी आकडी त्याने घट्ट केली, उधळलेल्या बैलाने ओढली तरी सुटू नये अशी. ती बसवायची तर उघड्या बोटांनी जोर लावून दाबावी लागायची. त्या उन्हात, घामाने ओल्या बोटांनी, ती सहज दबायची.

"जाण्याआधी एकदा चाकावर चढवून बघा," तो म्हणाला.

"आल्यावर बघू," एलादियो म्हणाला आणि त्याने मला पोत्यात टाकले. दुपारचे ऊन चढले होते. थर्मासमधला बर्फ विरघळत होता.

मित्रांनो, ते 'आल्यावर' सात वर्षांनी आले.

ट्रकच्या पोटाखाली एक लोखंडी पेटी होती. जॅक, दोर आणि जुने फडके यांच्या शेजारी माझे पोते असायचे. माझ्या डोक्यावर मांसाची थंड पेटी होती, आणि तिचे यंत्र रात्रंदिवस गुणगुणायचे. त्या पेटीच्या फटीतून कधीकधी पाण्याचा एक गार थेंब माझ्यावर पडे. बाहेर चाकोच्या सपाट माळाची पांढरी धूळ, ताडाची झाडे, तापलेले डांबर, आणि वरून हा एक गार थेंब. मला वाटायचे, बर्फ वरच राहतो. आपण त्यालाच घेऊन चाललो आहोत, आणि एक दिवस हे दार उघडेल आणि तो खाली उतरून माझ्या शेजारी बसेल. मी त्याच्यासाठी पेटीत थोडी सरकून जागाही ठेवत असे. अशी स्वप्ने पाहत मी कितीतरी हजार मैल गेले.

डोंगराच्या पायथ्याशी उस्पायाता नावाचे गाव आहे. तिथे रस्त्यावर आडवी दांडी असते आणि तपासणीची चौकी असते. पहिल्यांदा मला पोत्यातून बाहेर काढले तेव्हा चौकीवरच्या माणसाने माझी एक कडी हातावर तोलली आणि म्हणाला, "हाताने घडवलीय. अशी आता बघायला मिळत नाही." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझा जन्म याच शब्दांसाठी झाला असे मला वाटले. त्याने दांडी उचलली, एलादियोने मला पोत्यात टाकले, आणि आम्ही वर गेलो. रस्ता कोरडा होता. बर्फ दूर शिखरांवर होता, मिठासारखा.

पुढेही दरवेळी तसेच झाले. बर्फ पडू लागला की दांडी खाली येई आणि ट्रक पायथ्याशी रांगेने उभे राहत. यंत्रे येऊन रस्ता साफ करत, मग दांडी उघडे. चाकावर चढायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

कास्तोरिनोसाठी दुसरी जोडी बनवायची होती. पण तेओदोसियो आजारी पडला आणि त्या पावसाळ्यातच गेला. त्याची भट्टी पुन्हा पेटली नाही. तेव्हा या दोघा मेव्हण्यांनी एक युक्ती काढली. एलादियोचा ट्रक पुढे असे आणि कास्तोरिनोचा अर्धा तास मागे. एलादियो चौकीवर मला दाखवी, वळणापलीकडे थांबे, आणि वरून खाली येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या चालकाच्या हाती मला देई. तो मला चौकीखालच्या सेफेरिनोच्या पंक्चरच्या दुकानात टाकून जाई. मागून येणारा कास्तोरिनो मला तिथून उचले आणि त्याच चौकीवर पुन्हा दाखवी. अशी मी एकाच सकाळी दोनदा कौतुक करून घेत असे. सुरुवातीला दोघे या युक्तीवर पोट धरून हसायचे. खोटे सांगत नाही, मलाही गंमत वाटायची. पुढच्या ट्रकात आता साखळी नाही, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही.

मग त्यांचे हसणे थांबले.

एके दिवशी कंपनीच्या ऑफिसाने एलादियोकडून ट्रकची किल्ली काढून घेतली. तो चालवता चालवता पेंगतो, अशी कुणीतरी खबर दिली होती. पाच महिने तो घराच्या अंगणात आंब्याखाली बसून होता. ज्याला रस्त्याशिवाय काही ठाऊक नाही अशा माणसाला पाच महिने फार होतात. दवाखान्यात कळले की झोपेत त्याचा श्वास अडकतो, म्हणून रात्री विश्रांती होत नाही आणि दिवसा डोळे मिटतात. त्याने वजन उतरवले, तोंडावर यंत्र लावून झोपायची सवय केली, आणि त्याला किल्ली परत मिळाली. पण तो कास्तोरिनोशी बोलायचा थांबला. मागच्या ट्रकात तोच असायचा. दुसऱ्या कुणाला दिसणार? एलादियोने त्याला एकदाच विचारले आणि कास्तोरिनो खाली मान घालून गप्प राहिला. एवढे एलादियोला पुरले. बहिणीच्या घरीही तो जाईनासा झाला, कारण ते घर कास्तोरिनोचेही होते.

आमची युक्ती मात्र चालूच राहिली, एक शब्द न बोलता. घरी परतल्यावर कास्तोरिनो माझे पोते कंपनीच्या फाटकाला अडकवून ठेवी आणि एलादियो तिथून ते उचली. त्या पोत्यात माझ्याशेजारी एक कापडी पुरचुंडी असे, ब्लासिदाने भावासाठी दिलेल्या गरम चिपाची. तिच्या उबेने माझ्या कड्या मऊ झाल्यासारख्या वाटत. एलादियो ती पुरचुंडी न उघडताच फाटकावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकी. अशी तीन वर्षे गेली. दोन माणसांमधला एवढाच धागा होता आणि तो माझ्या पोत्यात होता.

आता ज्या दिवसासाठी मी हे सांगायला बसले, तो दिवस सांगते.

थंडीचे शेवटचे दिवस होते. कधीकधी डोंगराच्या त्या बाजूला वर बर्फ पडत असतो आणि खाली मात्र गरम कोरडा वारा सुटतो. त्या दिवशी उस्पायातात तसाच वारा होता. माणसे सदऱ्याच्या बाह्या वर सारून फिरत होती. एलादियोने मला दाखवले, नेहमीप्रमाणे खाली धाडले, आणि तो वर गेला. अर्ध्या तासाने कास्तोरिनो मला घेऊन चौकीवर आला.

त्या दिवशी चौकीवर एक नवीन बाई होती. तिने पोत्यात हात घातला आणि थांबली.

"ही साखळी मी मघाशी पाहिली."

"आमच्या गावात एकच लोहार, बाई. त्याच्या हातच्या सगळ्या अशाच."

"सगळ्यांची तिसरी कडी अशीच वाकडी?"

बाईने मान वर करून डोंगराकडे पाहिले. मघापर्यंत दिसणारी शिखरे आता दिसत नव्हती. तेवढ्यात तिच्या खांद्यावरचे वायरलेस यंत्र खरखरले, आणि तिने दांडीवर हात ठेवला. "वर बर्फ सुरू झालाय. रस्ता बंद करतेय मी. गाडी बाजूला घे आणि थांब इथंच."

मित्रांनो, कास्तोरिनोला थांबता आले असते. नियमही तेच सांगत होता. कुणीही त्याला दोष दिला नसता. तो क्षणभर चाकावर हात ठेवून उभा राहिला, आणि मग त्याने सगळे खरे सांगून टाकले.

"बाई, पुढच्या ट्रकात साखळी नाहीये. तुम्ही पाहिली ती हीच."

"कोण आहे त्यात?"

"माझा मेव्हणा."

बाई रागावली असणार, पण तिने आवाज चढवला नाही. तिने वायरलेसवर वरच्या लोकांशी बोलून घेतले. बर्फ काढणारे यंत्र वरच्या डोंगरातल्या बोगद्याच्या पलीकडे, चिलीच्या बाजूला अडकले होते. यायला दोन तास तरी लागणार होते.

"तुला ती घालता येते का?" तिने विचारले.

"नाही."

"खरं बोलायची सवय लागली वाटतं तुला आज." तिने स्वतःचे हातमोजे काढून त्याला दिले. "कड्याच्या अलीकडे सपाट जागा आहे. तिथंच थांबायचं, पुढे गाडी न्यायची नाही. साखळी घेऊन पायी जा." आणि आम्ही गेल्यावर तिने दांडी खाली टाकली.

पहिली काही वळणे नुसता पाऊस होता. मग पावसाचा आवाज थांबला. पेटीच्या फटीतून काहीतरी आत आले आणि माझ्यावर टेकले. ते मीठ नव्हते, कापूसही नव्हता. त्याला वजन नव्हते. माझ्यावर बसताच ते पाणी होऊन गेले, आणि लगेच दुसरे आले. मी इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली, तो असा एकेक करून, काही न बोलता माझ्याकडे येत होता. सगळे जग शांत झाले. इंजिनाचा आवाजही दूर कुठेतरी, कापसाच्या आत गेल्यासारखा वाटू लागला. त्या वेळी मला भीती मुळीच वाटली नाही. खूप जुन्या स्वप्नात मी जागी झाले आहे असे वाटत होते.

मग ट्रक थांबला. पेटी उघडली. कास्तोरिनोने मला खांद्यावर घेतले, आणि ते स्वप्न तिथेच संपले. तो घसरत होता, पडत होता, उठत होता. तुमच्यापैकी एखाद्या मुलाइतके तरी माझे वजन असेल.

दोन वळणे चढल्यावर एलादियोचा ट्रक दिसला. तो रस्त्यावर तिरपा उभा होता. मागची चाके कड्याच्या बाजूला सरकली होती आणि त्यांच्यामागे एलादियोने हाताला लागतील ते दगड लावले होते. तो स्वतः पातळ सदऱ्यात, पायात चपला घालून, आणखी एक दगड ओढत आणत होता. बर्फ साचत होता आणि ट्रक दगडांना थोडाथोडा कड्याकडे ढकलत होता, इतका हळू की बघणाऱ्याला कळू नये. मला मात्र ते ऐकू येत होते.

एलादियोने वर पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघे इतके जवळ उभे होते.

"कशाला आलास?"

"साखळी द्यायला."

"घालायची कशी?"

"मला काय ठाऊक, मेव्हणे. तुम्हीच म्हणालात, नुसती बाळगायची."

त्यांनी मला आधी उलटी घातली. मग आडवी. मी चाकावरून दोनदा घसरून खाली पडले. मला किती लाज वाटली! इतकी वर्षे सगळ्यांनी माझे कौतुक केले होते, आणि कामाच्या वेळी मी कुठून सुरू होते आणि कुठे संपते हेही कुणाला कळत नव्हते. शेवटी एलादियोने मला जमिनीवर लांब पसरले, जसे तेओदोसियोने आपल्या अंगणात पसरले होते, आणि बाजू नीट पाहून घेतल्या. मी चाकावर चढले. आता फक्त आकडी राहिली होती.

आकडी दबेना. म्हाताऱ्याने ती उधळलेल्या बैलासाठी केली होती आणि घामेजलेल्या बोटांसाठी. हातमोज्यांतून ती पकडता येत नव्हती. कास्तोरिनोने मोजे काढले, तर थंडीने आकडी त्याच्या बोटांना चिकटली आणि सोडवताना कातडी गेली. माझ्यावर रक्त आले. त्याने हाताकडे पाहिले, आणि मग त्याने सदरा वर करून ती आकडी आपल्या उघड्या पोटाशी धरली. त्याचे दात वाजू लागले. तसाच तो चाकाला मिठी मारल्यासारखा उभा राहिला. मित्रांनो, माणसाच्या अंगाची ऊब मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

एलादियो पलीकडच्या चाकाशी बसून तिथली आकडी तशीच आपल्या पोटाशी धरू लागला. लोखंड गरम होईपर्यंत दोघांना हलता येत नव्हते, म्हणून तेव्हा ते बोलले.

"ऑफिसात सांगताना नाही लाज वाटली," एलादियो म्हणाला, "आणि आता पोट जाळून घेतोयस."

"मी नाही सांगितलं."

"मग कुणी? मागं तूच होतास."

"मी घरी सांगितलं. तीन वेळा तुमचा ट्रक रस्ता सोडून गेला, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं बस पकडली आणि ऑफिसात गेली."

"कोणी?"

"तुमच्या बहिणीनं."

बर्फ पडत राहिला. एलादियोने विचारले, "मग तीन वर्षं तोंड शिवून का बसलास?"

"ती मला म्हणाली, दादा तुमच्यावर रागावला तर चालेल. माझ्यावर रागावला तर त्याला कुणीच उरणार नाही." कास्तोरिनोने नाक ओढले. "पण तुम्ही तर दोघांनाही टाकलंत."

एलादियोने आकडी पोटापासून काढली, अंगठ्याने दाबली, आणि ती खटकन बसली. "तुझी बघू," तो अलीकडे येऊन म्हणाला. आणि कास्तोरिनोच्या सोललेल्या बोटांतून आकडी घेऊन त्याने तीही बसवली.

एलादियो ट्रकात चढला. चाक फिरले आणि माझ्या पाठीवर सगळा भार आला. आयुष्यात पहिल्यांदा मी जमीन धरली. बर्फाच्या आत, खाली, जिथे रस्ता होता तिथपर्यंत माझ्या कड्या रुतल्या. मी ओढले, पुन्हा धरले, पुन्हा ओढले. दगड मागे राहिले. ट्रक सरळ झाला आणि चालत्या माणसाच्या वेगाने वर निघाला. वर, अंदाजे चारशे पावलांवर, घसरणारा बर्फ अडवायला रस्त्यावर पक्के छप्पर घातले आहे. आम्ही त्या छपराखाली गेलो. तिथे जमीन कोरडी होती.

एलादियो वाचला होता. तिथे बसून राहिला असता तरी चालले असते. पण खाली कास्तोरिनोचा ट्रक होता, आणि आता ती सपाट जागाही बर्फाने भरत चालली होती. एलादियोने मला चाकांवरून उतरवले, कास्तोरिनोच्या हातांकडे पाहिले, आणि मला स्वतःच्या खांद्यावर घेतले. धापा टाकत तो खाली उतरला. या वेळी बाजू शोधाव्या लागल्या नाहीत. आकड्या त्याने चालतानाच सदऱ्यात धरून ठेवल्या होत्या.

दुसऱ्यांदा चढताना माझी एक आडवी कडी तुटली, तीच वाकडी, तिसरी. तुटलेले टोक चाकाबरोबर फिरून ट्रकच्या पत्र्यावर फटके मारत राहिले, आणि मला प्रत्येक फेरीला वाटे की आता सगळीच सुटणार. पण बाकीच्या कड्यांनी धरून ठेवले. म्हाताऱ्या तेओदोसियोला बर्फ ठाऊक नव्हता, पण ओढ म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक होते.

दोन्ही ट्रक छपराखाली एकामागे एक उभे राहिले. बाहेर सगळे पांढरे होते. कास्तोरिनोने सीटमागून ब्लासिदाची पुरचुंडी काढली आणि पुढे धरली. एलादियोने गाठ सोडली, एक चिपा मोडून अर्धा त्याला दिला. मग सवयीने थर्मास काढला. आत फक्त कोमट पाणी उरले होते. तो छपराच्या कडेला गेला, ओंजळभर बर्फ उचलून त्याने थर्मासात टाकला, आणि कुडकुडत ते दोघे गार तेरेरे प्यायले. चौकीवरची बाई दिवस मावळायच्या आत बर्फ काढणाऱ्या यंत्राबरोबर वर आली, तेव्हा ते तसेच बसलेले तिला दिसले.

"शहाणे आहात," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिले, तुटलेली कडी पाहिली, दोघांची बोटे पाहिली. "यापुढे पोत्यातली साखळी मी बघणार नाही. प्रत्येकाने आपापली आणायची आणि माझ्यासमोर चाकाला घालून दाखवायची. मोजे माझे परत द्या."

गावी पोहोचल्यावर एलादियो सगळ्यात आधी ब्लासिदाच्या अंगणात गेला. मी त्याच्या खांद्यावर होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. ती मातीच्या भट्टीसमोर बसली होती. तिने भावाकडे पाहिले आणि पुन्हा भट्टीकडे पाहिले.

"बस पकडून गेली होतीस म्हणे," एलादियो म्हणाला.

"गेले होते."

"बसायला जागा मिळाली होती का?"

"नाही. उभीच होते."

एलादियोने अंगणातल्या लाल मातीकडे पाहिले. "एवढा लांबचा रस्ता," तो म्हणाला आणि ओट्यावर टेकला. "चिपा असेल तर दे."

"खाणार, की पहारेकऱ्याला देणार?"

ते तिला सगळे ठाऊक होते तर. एलादियोने मान खाली घातली. तिने त्याच्या हातावर गरम चिपा ठेवला. तो निवेपर्यंत थांबायलाही त्याला जमले नाही. ब्लासिदाने डोळ्यांना पदरासारखा आपला एप्रन लावला आणि धुराला नावे ठेवली.

मित्रांनो, यालाही आता बरीच वर्षे झाली. दोघा मेव्हण्यांनी नवीन, हलक्या साखळ्या घेतल्या. त्यांच्या आकड्या मोज्यांनीही लागतात. माझी तुटलेली कडी कुणी जोडली नाही. तेओदोसियोसारखे हात गावात राहिले नाहीत. काही काळ मी भिंतीशी गंजत पडले होते आणि कोंबड्या माझ्यावर बसत. पण थंडी सुरू व्हायच्या आधी, दरवर्षी एका रविवारी, एलादियो मला बाहेर काढतो. गावातले ट्रकचालक जमतात. अंगावर घाम, हातात लोकरीचे जाड मोजे, अशा अवतारात ते त्या रणरणत्या उन्हात मला चाकावर चढवायला शिकतात. येणारे जाणारे त्यांना हसतात. एलादियो घड्याळ लावून बसतो, आणि उलटी घातली की म्हणतो, "मेलास. परत." कास्तोरिनो त्याच्या शेजारी तेरेरे ओतत असतो. त्याच्या दोन बोटांची टोके अजून गुळगुळीत आहेत.

मी तुमच्यासारख्यांकडून फार काही मागत नाही. मला तेल लावा, पुसा, असेही म्हणत नाही. मी एवढेच सांगते की मला सात वर्षे सगळ्यांनी पाहिले आणि कुणीही वापरून पाहिले नाही, आणि त्यामुळे दोन चांगली माणसे जीवानिशी गेली असती. तुमच्या शाळेच्या भिंतीवर आग विझवायची लाल बादली टांगलेली असेल. येता जाता तुम्ही ती रोज पाहत असाल. उद्या कुणाला तरी सांगून ती एकदा खाली उतरवा. आत वाळू आहे की गोळ्यांचे कागद, ते तरी कळेल.